पेन्सिल उचलायची जागा

आमच्या प्रयोगशाळेत पीएचडीला आलेल्या प्रत्येकाला आधी महिनाभर मेंदूच्या पातळ कापांतल्या पेशी सूक्ष्मदर्शकात बघून पेन्सिलने काढाव्या लागतात. ही बाईंची पद्धत. बाई माझ्या गाइड. गेल्या वर्षी त्या वारल्या आणि आता त्यांच्या खुर्चीत मी बसते.

आज नव्या मृण्मयीने चित्र दाखवलं. काचेवरच्या कापात अर्ध्यात नाहीशी होणारी पेशीची एक फांदी तिने टोकापर्यंत सुरेख नेली होती.

"हे पुढचं कुठे दिसलं तुला?"

"दिसलं नाही, मॅडम. पण असणारच ना? अशी मध्येच कशी संपेल?"

मीही हेच केलं होतं. तेव्हा बाई हसून म्हणाल्या होत्या, "असणार गं. शेजारच्या कापात गेली असेल. आपण दिसेनासं होतं तिथे पेन्सिल उचलायची."

मी तेच सांगितलं. मृण्मयीने खोडरबर घेतलं.

बाईंना काही विचारावंसं वाटलं, की हल्ली बाईंचा आवाज मला अर्ध्या वाक्यापर्यंतच ऐकू येतो. पुढचं मीच रचते, त्या असंच म्हणाल्या असत्या म्हणून. आज जिना उतरताना पुढचं रचलं नाही. ऐकू आलं तेवढं ऐकलं आणि उरलेला जिना उतरले.