शनवाल्या बाई

बाईंच्या वर्गात शब्द तोंडातून काढायचा म्हणजे त्याला जामीन राहावं लागे. ऐटीत एखादा इंग्रजी शब्द फेकला की बाई खडू खाली ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "म्हणजे काय?" या एवढ्याशा प्रश्नानं आमची जी भंबेरी उडे, तशी रानातल्या बिबट्यानंही कधी उडवली नाही. "बाई, पाठ आहे," असं कुणी म्हणालं तर उत्तर ठरलेलं. "पाठ तर गाढवालाही असते. अर्थ सांग."

वेल्हे तालुक्यात, पानशेतच्या पाण्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या आणि चार इयत्तांना मिळून एकट्या बाई. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण खोऱ्यात कुणी ते घेत नसे. सगळे त्यांना 'शनवाल्या बाई' म्हणत, कारण त्यांनी इंग्रजी ए-बी-सी-डीपासून सुरू न करता शब्दाच्या शेवटाकडून सुरू केलं. एक शेवट धरायचा आणि त्या शेवटाची जितकी नामं सापडतील तितकी गोळा करायची. पहिला शेवट 'शन'. "तुमच्या वाडीत सगळ्यांचं आडनाव एकच," त्या म्हणाल्या, "म्हणून सगळे सारखे आहेत का? तसंच हे. शन हे आडनाव झालं. माणूस कसा आहे ते घरी जाऊन बघायचं."

पहिला गृहपाठ होता, आजीला किती इंग्रजी येतं ते विचारून या. माझी आजी भाकरी थापत होती. "मला रं मेल्या कुठलं इंग्रजी? हो बाजूला, टेन्शन नको दिऊ. रेशन आनायला खाली जायाचंय, आन कंबर तर विंजेक्शन घिऊनबी धरलीया." मी दप्तरातून वही काढून तीन शब्द लिहून घेतले, तर मी आजीचं बोलणं सरकारात कळवतोय की काय म्हणून ती घाबरली. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या आज्यांनी मिळून बाईंना डझनभर शब्द पुरवले होते. बाईंनी ते फळ्यावर लिहिले आणि म्हणाल्या, "बघा, निम्मं इंग्रजी तुमच्या घरात आधीच राहायला आलंय. त्याला पाणी विचारा फक्त."

त्यांची एक पद्धत होती. नवा शब्द आधी भिंतीवर खडूनं लिहायचा. पोरांनी त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगायचा, आणि सगळ्या वर्गाला पटला तरच बाई निळ्या ऑइलपेंटचा डबा उघडून तो शब्द पक्का रंगवत. खडूचा शब्द परका, रंगाचा आपला. रेशन म्हणजे ज्याच्यासाठी शाळा बुडवावी लागते ते. कनेक्शन म्हणजे डांब आलाय, वायर यायचीय. इलेक्शन म्हणजे जीप वाडीपर्यंत चढते ते. तपासणीला आलेल्या साहेबांनी हे ऐकून विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात आहे, बाई?" बाई शांतपणे म्हणाल्या, "पुस्तकात नाही, साहेब. तुम्ही जीप कुठं लावून आलात?" साहेब खालच्या ओढ्यापासून चालत आले होते. त्यांनी घाम पुसला आणि इलेक्शन पास केला.

अर्थ न सांगता नुसती यादी घडाघडा म्हणणाऱ्याला मात्र क्षमा नव्हती. शाळेच्या मागं बाईंनी चार मिरच्यांची रोपं लावली होती. यादी म्हणून कुणी छाती फुगवली की त्या एक हिरवी मिरची तोडून आणत आणि त्याच्यापुढं ठेवत. "खा पोपटा." खायला कधी लावली नाही, पण दिवसभर ती मिरची समोर घेऊन बसावं लागायचं आणि पोरं मागून शिट्ट्या घालायची. माझ्यापुढं ती सात-आठ वेळा तरी आली असेल.

मी तिसरीत असताना माझी आई पुण्याच्या दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी मी शाळेत गेलो तर भिंतीवर इंजेक्शनच्या खाली खडूनं 'ऑपरेशन' लिहिलेलं होतं. तो माझ्या माघारी कुणाच्या तरी आजीकडून आलेला. सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली, कारण अर्थ कुणाला माहीत आहे ते सगळ्यांनाच माहीत होतं. बाई उठल्या. डस्टर शोधत बसल्या नाहीत, तळहातानंच त्यांनी तो शब्द पुसला. "हा आपल्याला अजून येत नाही," त्या म्हणाल्या. "आला की रंगवू." चौथी संपेपर्यंत आम्ही इंजेक्शनवरून थेट इलेक्शनवर उडी मारत होतो. आईच्या जाण्यानंतर माझ्याशी कुणी केलेली ती सगळ्यात मोठी माया, आणि मी त्याबद्दल बाईंशी कधी अवाक्षर बोललो नाही.

बाईंचं घर हायवेवरच्या कामथडीला. यजमान एसटीत ड्रायव्हर, भोर डेपोला. आम्ही त्यांना काका म्हणायचो. बाई सोमवार ते शनिवार वाडीतच खोली घेऊन राहत, रविवारी घरी जात, आणि नेमकी रविवारी काकांना ड्यूटी लागे. मूलबाळ नव्हतं. मी पुढं शिकलो, भोरला एका हायस्कूलात इंग्रजी शिकवायला लागलो, आणि जाता-येता त्यांच्या घरी डोकवायचो, तेव्हा काका हसून सांगायचे, "आमचा संसार म्हंजी मी स्टेरिंगवर आन ही स्टॅण्डवर. हात करायचा आन गाडी सोडायची. बोलायचं लई साठलंय बग. पर ठरलंय आमचं, दोगंबी रिटायर झालो की निवांत बोलू." काका आधी रिटायर झाले. त्यांनी दारापुढं ओटा बांधून घेतला आणि समोरासमोर दोन खुर्च्या टाकल्या. मग बाई रिटायर होऊन घरी आल्या, आणि आठ महिन्यांत त्यांना अर्धांगाचा झटका आला.

उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर काकांचा फोन आला, "दत्ता, तुज्या बाई बोलत न्हाईत रं." मी गेलो तेव्हा बाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि माझ्याकडं बघत होत्या. कुणालाही "म्हणजे काय?" विचारणारे ते डोळे माझ्यावर होते, पण त्यात काही विचारणं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "बाई, रेशन."

बाईंचे ओठ हलले. "पेन्शन," त्या म्हणाल्या. "टेन्शन. इंजेक्शन. इलेक्शन. कनेक्शन."

स्वच्छ, खणखणीत, वर्गातल्या आवाजात. काकांच्या हातातलं भांडं खाली पडलं. आणि मला दिसत होतं ते निराळंच. इंजेक्शननंतर इलेक्शन! बाईंनी तो शब्द गाळला होता. माझ्यासाठी गाळला होता. म्हणजे बाईंना मी आठवत होतो, आई आठवत होती, सगळं आत शाबूत होतं, फक्त दार उघडायची देर होती. मी बाहेर जाऊन जुन्या पोरांना फोन लावले. पुढच्या रविवारी ओट्यावर चपला मावेनात. पेढे आले. बाईंनी यादी म्हणून दाखवली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुण्यात बोलणं शिकवणाऱ्या एक ताई आहेत, त्यांच्याकडं लवकर न्या, सुरुवातीचे महिने मोलाचे. काका म्हणाले, "बोलाय तर लागली की. हेलपाटं कशाला? तू हाईस ना." आणि मी, इंग्रजीचा मास्तर, खुशीत हो म्हणालो. दर रविवारी जायचो. शन झाले की मेंट घ्यायचो, सिमेंट, पेमेंट, डिपार्टमेंट. बाई एकदा सुरू झाल्या की थांबत नसत. पाणी हवं असलं तरी शन, अंथरूण ओलं झालं तरी शन. आम्ही म्हणायचो, येईल, हळूहळू बाकीचंही येईल. पाच महिने असे गेले.

शेवटी नेलं एकदाचं. त्या ताई वयानं लहान होत्या, पण बाईंसारख्याच थेट. मी अभिमानानं 'रेशन' म्हणालो, बाईंनी यादी म्हटली. ताईंनी कौतुक केलं नाही. टेबलावरचा कप उचलून बाईंपुढं धरला. "आजी, हे काय आहे?" बाईंनी कपाकडं पाहिलं. पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "पेन्शन." चमचा दाखवला. "टेन्शन." काकांकडं बोट केलं, "हे कोण?" बाईंच्या कपाळावर घाम आला. "इंजेक्शन," त्या म्हणाल्या, आणि आपण चुकतोय हे त्यांना कळत होतं. ते त्यांच्या तोंडावर लख्ख दिसत होतं. काका भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागले.

"हे बोलणं नाही," ताई बाहेर येऊन म्हणाल्या. "लहानपणची उजळणी जशी अर्थाशिवाय तोंडात राहते, तसं आहे हे. यानं फार थोडं परत येतं. घरी रोज हेच करून घेत होतात का? कुणी सांगितलं?" मी म्हणालो, मी यांचा विद्यार्थी. ताईंनी पुढं काही विचारलं नाही. बरंच आधी आणायला हवं होतं, एवढंच म्हणाल्या. ज्या बाईंनी आयुष्यभर एकाही पोराला बिनअर्थाचा शब्द बोलू दिला नाही, त्यांना मी टाळ्या वाजवून पाच महिने पोपट केलं होतं. त्यांना कधी नव्हे ती माझी गरज पडली, तेव्हा त्यांनी शिकवलेलं मी नेमकं विसरलो. याला क्षमा आहे असं मला वाटत नाही.

निदान तो गाळलेला शब्द तरी माझा होता, असं मी मनाशी धरून होतो. बाईंना बघायला माझ्या मागून दहा वर्षांनी शाळेत असलेली एक मुलगी आली, तिला मी ते सांगितलं. ती म्हणाली, "सर, आमच्या भिंतीवर पण नव्हता तो. माझ्या मोठ्या बहिणीच्या वेळी पण नव्हता. बाईंनी तो कधीच रंगवला नाही." म्हणजे माझ्यानंतर बाईंनी कुठल्याच पोरासमोर तो शब्द आणला नव्हता. यादीच तशी पडून गेली होती. मी सुखानं रडावं की दुःखानं हे मला कळेना, पण तो शब्द गाळला म्हणजे बाईंना मी आठवतोय असं नाही, एवढं नक्की कळलं.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे आम्ही यादी बंद केली. यादी सुरू झाली की थांबवायचं, वस्तू पुढं धरायची. कप, टॉवेल, कंगवा. बाई प्रयत्न करत. मानेच्या शिरा ताठ होत. चुकीचा शब्द बाहेर पडला की त्या डाव्या हातानं तोंड झाकत. महिनाभरात एकही नाव आलं नाही. मग त्यांनी प्रयत्न सोडला. कप दिसला की भिंतीकडं तोंड फिरवायच्या. पुढं तर ओठ हलायचेही बंद झाले. हायवेवरच्या गाड्यांचा आवाज तेवढा घरात यायचा.

गेल्या रविवारी मी कंगवा हातात घेऊन बसलो होतो. काका आतून आले, माझ्या हातातून कंगवा काढून घेतला आणि फळीवर ठेवला.

"बास झालं, दत्ता."

"काका, ताई म्हणाल्यात की सोडायचं नाही. अजून थोडं—"

"न्हाई येत आता. तुलाबी म्हाईत हाय, मलाबी म्हाईत हाय. तिला तर आदीच कळलंय." ते बाईंकडं बघत होते. "उगं रडवतूय आपन तिला. तिचं ते चालू करून दी. शन."

"त्याला अर्थ नाही, काका."

"नसू दी. आवाज तर तिचाच हाय का न्हाई? पस्तीस वर्सांत म्या किती ऐकलाय त्यो?"

मी बाईंच्या जवळ सरकलो. त्या भिंतीकडं तोंड करून होत्या. "बाई, रेशन," मी म्हणालो. काही झालं नाही. मी परत म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा त्यांनी मान वळवली आणि अगदी हलक्या आवाजात पुढचा शब्द घेतला.

काकांनी ओट्यावरची एक खुर्ची आत आणली, बाईंच्या समोर ठेवली आणि तिच्यावर बसले. मग बाईंच्या प्रत्येक शब्दाला, कुणी घरचं काही सांगत असावं तसं, ते मान हलवून "हं" म्हणायला लागले.