बिनपाण्याची गाडी

अप्पांची गाडी जर्मन होती. इंजिन मागे, डिकी पुढे. केजच्या बाजारात ती उभी राहिली की कुणीतरी पुढचं झाकण उघडायला लावायचं आणि इंजिन चोरीला गेलं म्हणून खिदळायचं. अप्पा, म्हणजे आमचे वडील, दर वेळी नव्याने हसायचे. मला राग यायचा. मी मुळातच तिरसट. अप्पांना तिचं कौतुक एकाच गोष्टीचं होतं. तिला रेडिएटर नव्हता. पंखा वारा मारायचा आणि त्यावरच इंजिन गार राहायचं. आपल्याकडे माणसाला पाणी मिळेना आणि ही शहाणी बिनपाण्याची चालते, असं ते दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला धरून सांगायचे. आमचं दुकान स्पेअर पार्टचं, आणि त्याच्या मागे गॅरेज.

गॅरेज दाजी बघायचे. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, ते मालक. त्यांचं गाव शिरूर कासार. मोसम आला की तिकडे घरंच्या घरं ऊस तोडायला निघून जायची आणि तिथल्या त्यांच्या गॅरेजवर माशा मारत बसायची पाळी यायची. म्हणून अप्पांनी दोघांना केजलाच बोलावून घेतलं. लग्न होऊन गेलेली अक्का चार वर्षांत परत आली, आणि खरं सांगायचं तर मला आभाळ ठेंगणं झालं. आई लवकर गेली होती. मला वाढवलं ते अक्कानेच. सव्विसाव्या वर्षीही माझा सदरा कुठे आहे ते मला तिला विचारावं लागायचं. यात लाजण्यासारखं मला तेव्हाही काही वाटलं नाही.

मग दिवस बदलले. रस्त्यावर रोज नव्या तऱ्हेची गाडी दिसायला लागली. पुण्याकडे कारखाने निघत होते, आणि दाजींचा एक मित्र तिकडून एसटीडीवर फोन करकरून त्यांना बोलवत होता. अक्षय्य तृतीयेच्या आत आलास तर जागा पक्की, म्हणाला. दाजींनी त्या वेळी अप्पांच्या गाडीचं इंजिन पूर्ण खोललं होतं. मधल्या काळात बंद पडून वर्षानुवर्षं तशीच राहिलेली गाडी ते नव्याने उभी करत होते. त्यांनी अप्पांना शब्द दिला की गाडी अशी उघडी टाकून जाणार नाही; आधी आष्टीपर्यंत नेऊन आणतो, मगच सामान बांधतो. अप्पा खूश झाले. ही गाडी आष्टीला पोहोचली की अक्का जाणार, मला मात्र त्यातून एवढंच कळलं.

दिवाळी झाल्यावर पहिली फेरी निघाली. दाजी, मी, आणि हौसेने आलेली अक्का. इंजिनाच्या एका बाजूचा पत्रा अजून रंगाऱ्याकडे होता. थंडीचे दिवस आहेत, चालून जाईल, असं दाजींना वाटलं. पण पत्रा नसला की वारा भलतीकडेच जातो. मांजरसुंब्याच्या चढावर इंजिन असं तापलं की पेट्रोलचा वास यायला लागला. गाडी लिंबाखाली उभी करून आम्ही दोघं हॉटेलवर चहा सांगायला गेलो. परत येऊन बघतो तर अक्काने विहिरीवर एक पोतं भिजवून त्या उघड्या बाजूवर टाकलेलं. वाफ निघत होती. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमचं एकेक जाड झाकण असतं, हेड म्हणतात त्याला; त्यातल्या एकाला तडा गेला होता.

दाजी पोत्याकडे बघत राहिले, मग अक्काकडे. एका जीपला दोर बांधून आम्ही गाडी घरी आणली.

तसं नवल कुणालाच वाटलं नाही. आमच्याकडे ओलं पोतं सगळ्यांवर चालतं. रांजणाला पोतं, विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला पोतं, उन्हाने माना टाकलेल्या वासराला पोतं. बिनपाण्याच्या गाडीला अप्पांच्या लेकीने पाणी पाजलं, म्हणून बाजाराने महिनाभर थट्टा केली. अक्का सगळ्यांबरोबर हसायची.

हेड मिळेना. एक नवं आणि एक जुनं असं चालत नाही, जोडीच लागते. दाजींनी मुंबईच्या जुन्या बाजारात ओळखी काढल्या, पत्रं टाकली. जोडी हाती येईपर्यंत फाल्गुन उजाडला. ते चार महिने मी फार सुखात काढले.

हेड बसवायचं काम दाजींनी माझ्यावर सोपवलं. प्रत्येक हेडला आठ नट. मधल्यांपासून बाहेर जात आधी हलके आवळायचे, मग दुसऱ्या फेरीत पक्के. हेडखाली तेलाच्या चार नळ्या असतात, त्या सरळ बसल्या नाहीत तर तेल गळतं. काम दोन दिवसांचं होतं. मी ते आठ दिवस लांबवलं. संध्याकाळी बसवायचं आणि सकाळी नळी वाकडी आहे म्हणून परत खोलायचं. दाजींना कळत नसेल असं नाही. ते शेजारी उभे राहायचे, बघायचे आणि निघून जायचे.

एका दुपारी ते जेवायला गेलेले असताना अक्का चहा घेऊन आली. मी नट ढिले करत होतो. ती रिकाम्या डब्यावर बसली.

"कितव्यांदा खोलायलास?"

मी म्हणालो, तेल गळतंय.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "पोतं टाकल्यावर काय होणार ते. ह्याच दुकानात वाढले मी."

माझा पाना हातातच राहिला. ती चहाच्या कपाकडे बघून बोलत होती. "चार महिने भेटले मला. पण हे आता जेवतानाबी बोलत न्हाईत. मी बांधून ठिवलं त्यांना. आता तू ते करू नको. नीट आवळ."

मला संताप आला. कुणाचा, ते आजही सांगता येणार नाही. "तुला जायचंय का न्हाई, तेवढं सांग," मी म्हणालो.

"न्हाई," अक्का म्हणाली. "म्हणून तर म्हणायलेय, लवकर कर."

मी सोळाच्या सोळा नट आवळले. एकेका नटाला जीव लावून आवळले, इतकं चांगलं काम त्याआधी माझ्या हातून झालं नव्हतं. दोन दिवसांनी दाजी आणि मी आष्टीला जाऊन आलो. गाडी कुठे अडखळली नाही, तापली नाही, तेलाचा थेंब गळला नाही. सगळ्या वाटेने मी ती बंद पडायची वाट बघत होतो. परत आल्यावर दाजींनी अप्पांच्या हातात किल्ली दिली आणि त्यांच्या पाया पडले. चौथ्या दिवशी ती दोघं पुण्याच्या एसटीत बसली.

पुढच्या दिवाळीला अक्का आली. दाजी अंगाने भरले होते, दुकानात बसून अप्पांना कारखान्याच्या गमती सांगत होते. त्यांना तसं बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. अक्का आल्या आल्या पदर खोचून चहा ठेवायला आत गेली. बराच वेळ डबे वाजत राहिले. मग तिने आतून हाक मारून विचारलं, "साखर कुठं ठिवता रे आता?"

ती गेल्यापासून चहा मीच करत होतो आणि डबा मीच हाताशी येईल असा खाली आणून ठेवला होता. मी आत गेलो. ती सवयीने वरच्या फळीवर हात घालून उभी होती. मी खाकरलो तसा तिने तो हात पटकन काढून घेतला, दुसऱ्याच्या घरात घ्यावा तसा.