फुलासाठी सरकवलेल्या खुंट्या

दौलत सपकाळ रास अल खैमाच्या डोंगरात सर्व्हेचा हेल्पर होता. मूळचा संगमेश्वरकडचा, आखातात बारा वर्षं काढलेला. मोजणीच्या खुंट्या ठोकण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. २००९च्या फेब्रुवारीत मात्र तो हातोडा पडल्याच्या आवाजानेही दचके. मंदीमुळे दर गुरुवारी कॅम्पच्या फळ्यावर परत पाठवायच्या माणसांची यादी लागत होती. एकशे चाळीसपैकी बावीस जण उरले होते.

त्याच आठवड्यात खतीजा नावाची तिथलीच एक शिक्षिका रानफुलं शोधत वर आली. नव्या रस्त्याच्या आखणीवरच, खडकाच्या भेगेत, जांभळ्या फुलांचं एक रोपटं होतं. ते पाहून ती खालीच बसली.

"सात साल से ढूँढ रही हूँ," ती हिंदीत म्हणाली. "एक यही मिला."

दौलतने इंजिनिअर अनुपमा मॅडमना सांगून पाहिलं.

"लाइन बदला म्हणून आत्ता हेड ऑफिसला मेल कोण करणार, दौलत? पुढच्या यादीत माझंच नाव लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी डोझर यायच्या आत त्याने तीन खुंट्या उपटल्या आणि दीड मीटर दरीच्या बाजूला ठोकल्या. कुणी पाहिलं नव्हतं, तरी तो पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होता.

डोझर चालवणारा बदरुद्दीन त्याच्या खुंट्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवी. तो त्या रेषेने पुढे आला आणि दरीकडच्या चाकपट्ट्याखालची माती सुटली. दगड घरंगळले. ते खाली आपटल्याचा आवाज फार उशिरा आला.

दौलत हात हलवत डोझरसमोर धावला. "भाई, पीछे लो, आहिस्ता. खुंटी मैंने सरकाई है."

डोझर इंचाइंचाने मागे आला. बदरुद्दीन उतरून कड्याकडे बघत राहिला. "तीन बच्चे हैं मेरे," एवढंच बोलला.

दौलतने मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी रिपोर्टात त्याचं नाव घातलं नाही. 'कडा ढासळला, तपासणीपर्यंत काम बंद,' असं लिहिलं. तपासणीला कोणी आलंच नाही. महिन्याभरात प्रोजेक्ट खलास झाला, मॅडमसकट सगळे यादीत गेले. रस्ता त्या रोपट्याच्या दहा पावलं अलीकडे थांबला.

दौलत आता गावी असतो. फुलाची गोष्ट त्याने बायकोला, सगुणाला, आल्या आल्या सांगितली. डोझरची सांगायला दोन वर्षं गेली. बदरुद्दीनला अबू धाबीजवळच्या मुसफ्फात काम मिळालं. दौलत त्याला दर ईदला फोन लावतो, आणि पलीकडून आवाज येईपर्यंत त्याचा श्वास अडकलेला असतो.