नुसत्या पान्याचे चार पट्टे

फिलिप साळव्याला देवानं दहा आज्ञा दिल्या, त्या पुरल्या न्हाईत म्हनून त्यानं अकरावी सोताच काढली: मोजलं तेवढंच लिहायचं.

तिसगावचा हा गडी गेल्या साली माझ्या कपाशीत औषधांची चाचनी घ्यायला आला. त्याच्या कंपनीची दोन औषधं हुती. एक पातेगळ, म्हंजी कळ्या गळनं, थांबवून बोंडं वाढवायचं, दुसरं झाडाला रोगाशी झुंजायला तयार करायचं. त्यानं बारा पट्टे आखले. आठांवर औषध, चारांवर नुसतं पानी, फरक कळावा म्हनून. फरक दिसला तर सात वर्षांची त्याची कंत्राटी नोकरी कायम होनार हुती.

दर आठवड्याला उकिडवा बसून झाड न् झाड मोजायचा. शेजारून म्हैस गेली तरी मान वर न्हाई.

"अंदाजानं लिही की, कोन बघतंय?" मी म्हनायचो.

"आसारामभाऊ, अंदाज काय, हापिसात बसूनबी करता येतो."

मला लई राग यायचा. मी सगळा संसार अंदाजावर केलाय.

शेवटच्या मोजनीला पान्याचे चारी पट्टे औषधाच्या पट्ट्यांइतकेच लगडलेले निघाले. फिलिपनं तीनदा मोजलं आन बांधावर बसून राहिला.

"औषधात दमच न्हाई," मी म्हनालो. खरं सांगतो, मला बरंच वाटलं.

तेवढ्यात माझी आई बनुबाई भाकरी घेऊन आली. "दम न्हाई कसा? म्या सोता मारलंय त्या चौघांवर."

फिलिप फवारनी झाली की उरलेलं औषध बादलीत झाकून जेवायला जायचा. तेवढ्यात म्हातारी अर्धा पंप पाठीला लावून त्या चार पट्ट्यांत फिरायची.

"आठ जनांना वाढायचं आन चौघांना पान्यावर बसवायचं? असली पंगत आमच्या रानात बसायची न्हाई," ती म्हनाली.

फिलिपनं साहेबाला फोन लावला. साहेब म्हनाला, चार पट्ट्यांची बोंडं निम्मी करून लिहा. मीबी हात जोडले. "लिही बाबा, एकदा लिही. आयुष्याचं कल्यान हुईल."

त्यानं खरे आकडे लिहिले. खाली लिहिलं: चारी पट्ट्यांना आजींनी औषध दिलं, चाचनी बाद.

नोकरी गेली. मी त्याला हरिश्चंद्राच्या नावानं चांगल्या शिव्या घातल्या, मग मलाच रडू आलं. आईला मात्र कायबी बोललो न्हाई. तिला सगळं कळलं हुतं.

यंदा तिनं मला तीच औषधं आनायला लावली. मला म्हनाली, पट्टे आख, बारा. आठांवर मी फवारलं. चारांवर तिनं नुसतं पानी मारलं, दर खेपेला, पदरानं डोळे पुसत.

बोंडं लागल्यावर तिनं निरोप धाडून फिलिपला बोलावून घेतलं. तो वही घेऊन आला. आई त्याला त्या चार पट्ट्यांपाशी घेऊन गेली.

"मोज बाबा," ती म्हनाली. "तुझ्यापायी उपाशी ठिवल्यात."