पुजाऱ्याचं जेवण

हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या जेवणाची काळजी करणारा इसम अख्ख्या जपानात एकच असेल, आणि तो नेमका माझा थोरला दीर निघावा. टोकियोत भाऊजी ओजिमाला एकटेच राहतात, आम्ही निशी-कसाईला. ऑफिसात ते फार हुशार इंजिनिअर आहेत म्हणे. मी पाहिलेलं नाही, म्हणून विश्वास ठेवते. घरी मात्र कचरा वेगळा करताना दुधाच्या रिकाम्या खोक्यालासुद्धा "बरंय, ये आता" म्हणून निरोप देतात.

यंदा उएनोच्या एका संग्रहालयात इजिप्तचं प्रदर्शन आलं आणि भाऊजींना तिथे एक स्नेही भेटला. थडग्यात बसवलेला पुजाऱ्याचा दगडी पुतळा. डोक्याचा तुळतुळीत गोटा, हात मांड्यांवर, नाकाचा टवका उडालेला. पायाशी कोरलेलं होतं की, येणाऱ्या-जाणाऱ्यांनो, माझं नाव घेऊन हजार भाकऱ्या, हजार घडे बिअर असं नुसतं तोंडाने म्हणा, मला पोचेल. शेजारच्या पाटीवर त्याचा अर्थ दिला होता. लोक वाचत आणि पुढे जात. भाऊजी दर रविवारी जाऊन म्हणत, मराठीत, खड्या आवाजात. वर पदरचं लोणचं वाढत. "अगं मंगल, कोरडी भाकरी उतरेल का घशाखाली?" तिथल्या देखरेखीच्या बाई उठून ओठांवर बोट ठेवत. भाऊजी कमरेत वाकत, बाई वाकत, भाऊजी पुन्हा वाकत. तोवर पुजाऱ्याचं जेवण झालेलं असे.

मग भाऊजींच्या घशाचं ऑपरेशन झालं. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. पुढे आवाज कितपत येईल, ते डॉक्टरही सांगेनात. आणि प्रदर्शनाचा शेवटचा रविवार आला. भाऊजींनी वहीत लिहून माझ्यापुढे धरलं, "आज तू म्हण. लांबच्या प्रवासाला निघालाय, उपाशी कसा पाठवायचा?"

"भाऊजी, आमच्या घराण्यात बी. ए. झालेली मी पहिली. ती काय दगडाला जेवू घालायला?"

त्यांनी लिहिलं, "पदवी घरी ठेवून ये."

गेलो. देखरेखीच्या बाई सवयीने उठल्या, भाऊजींच्या गळ्यात अडकवलेली 'बोलता येत नाही' अशी जपानी पाटी वाचली आणि परत खुर्चीत बसल्या. मी पुटपुटायला लागले, तर वही पुढे आली, "मोठ्याने. तो दगडाचा आहे." मग लाज सोडून म्हटलं सगळं, लोणच्यासकट. शेजारी भाऊजींचे ओठ हलत होते. आवाज माझा एकटीचाच.

परतताना गाडीत त्यांनी गळ्यातली पाटी काढून पिशवीत ठेवली. मग लिहिलं, "माझ्या वेळी पिठलं म्हण."

"डॉक्टरांनी असलं लिहायलाही बंदी करायला हवी होती," मी हळूच म्हटलं. ते हसले, नुसत्या खांद्यांनी. जपानच्या गाडीत कुणीच बोलत नाही. त्यामुळे भाऊजी गप्प आहेत, हे त्या भरल्या डब्यात माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.