आमची किनारपट्टी मोजू नका

शिलाई मशीनखाली चिंध्या साचतात, तसे आमच्या गल्लीत किस्से साचतात. फेकावेत तर हात होत नाही, ठेवावेत तर जागा पुरत नाही. धरमपुरीत माझं ब्लाऊज-फॉल-पिकोचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचा पुढचा ओटा, आणि ओट्याच्या पुढे थेट नर्मदा. कापड टाकायला आलेली बाई माप देते एक मिनिट आणि बोलत बसते तासभर. "कुंदाताई, कुणाला सांगू नका हं," म्हणून ती उठते, तोवर पुढची येऊन टेकलेली असते. मी सांगत नाही कुणाला. पण यंदाचे किस्से सांगायचेच आहेत, कारण त्यात आमची अब्रू होती.

या नदीकाठच्या गल्लीला आम्ही किनारपट्टी म्हणतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

०००

माझी भाची पुण्यात असते. तिची मुलगी सई. तिला शाळेत प्रोजेक्ट मिळालं: किनाऱ्यावरच्या एका लहान वस्तीचा भूगोल, हवामान आणि लोकसंख्या. वर्गातल्या बाकीच्या पोरांनी कोकण आपसात वाटून घेतलं. सईला काही उरलं नाही, तेव्हा तिला मी आठवले.

"आजी, तुमच्याकडे किनारा आहे ना गं?"

"आहे की. उंबऱ्यापाशीच आहे."

पण तिच्या बाईंनी हरकत घेतली. मध्य प्रदेशाला समुद्र नाही, मग किनारा कुठला? माझं डोकंच सटकलं. खाली धरण झाल्यापासून आमच्यापुढे नदी वाहत नाही, भरून उभी असते. पलीकडे उभा माणूस बाई आहे की बुवा तेसुद्धा इथून कळत नाही. मी ओट्यावर बसल्याबसल्या व्हिडिओ काढला. लाटा, होड्या, वाळत घातलेली जाळी, सगळं त्यात घेतलं आणि दिलं पाठवून.

दुसऱ्या दिवशी सईचा फोन आला. "आजी, बाई विचारतायत, तिथलं रिसॉर्ट कुठून बुक करायचं?"

भूगोल असा पास झाला. हवामान मी तिला एका शब्दात सांगितलं: ऊन. लोकसंख्या मात्र पेंडिंग ठेवायला लावली, कारण नेमकं त्याच वेळी आमच्या लोकसंख्येवरून भांडण पेटलेलं होतं.

०००

भांडण कळायचं तर आधी माई कळायला हव्यात. गल्लीच्या टोकाला, अगदी पाण्याला लागून, माई आणि बापू यांचं घर. बापू तहसील कचेरीतून रिटायर झालेले. उत्सवाचा पितळी गणपती पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडे असतो आणि आरतीचा मानही त्यांचाच. त्यांचे पूर्वज धारच्या दरबारात लिहायला होते, आमचे दरबाराचे अंगरखे शिवायला. त्यांची लेखणी गेली, आमची सुई अजून चालू आहे. हे मी माईंना वर्षातून एकदा तरी ऐकवते आणि त्या मला वर्षातून एकदा तरी चहा देत नाहीत.

एकदा माईंच्या लेकानं बाहेरगावाहून मिक्सर पाठवला. पार्सलवाला चौकात येऊन अडला आणि त्यानं फोन केला. "माताजी, मॅप में आपका घर पानी के अंदर दिखा रहा है."

माई अंगणात पापड वाळत घालत होत्या. त्यांनी खाली कोरड्या जमिनीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तो नाव से आ जा, भिया. हम लोग तो रोज तैर के सब्जी लाते हैं."

मिक्सर दोन दिवस उशिरा आला. तो पोरगा खरंच होडीवाल्याची चौकशी करत घाटावर बसला होता म्हणे.

०००

आता भांडण. मे महिन्यात धारहून वसंतराव आले. जिल्ह्यातल्या मराठी मंडळींचं सगळं तेच बघतात, म्हणजे निदान बघण्याची हौस त्यांना आहे. धार वर पठारावर, तिथे संध्याकाळी वारा सुटतो. आम्ही खाली निमाडात, मांडवगडाचा डोंगर उतरलं की आमची भट्टी सुरू होते. वसंतराव जाकीट घालून आले होते. भर दुपारी ते माईंच्या दगडी ओट्यावर बसले आणि बसले त्याहून लवकर उठले.

"बसा ना," माई म्हणाल्या. "आमच्याकडे पाहुण्याला उभं ठेवत नाहीत."

उभ्याउभ्याच त्यांनी विषय काढला. धरमपुरीत मराठी घरं हाताच्या बोटांवर राहिली, तीही एकाच हाताच्या. बापूसुद्धा नर्मदेच्या परिक्रमेला निघून गेलेले. मग इथे वेगळा गणपती कशाला? पितळी मूर्ती आणि समया धारला आणू, तिथे मोठ्या हॉलमध्ये थाटात बसवू.

माईंचा चेहरा उतरला. घरातली मूर्ती जाणार, एवढंच नव्हतं ते. बापूंना निघताना त्यांनी शब्द दिला होता की उत्सव बंद पडू देणार नाही.

वसंतरावांनी माझ्या नातवाला पुढे ओढलं. "बाळा, तुझी मातृभाषा कोणती?"

नातू विचार करून म्हणाला, "दादी की मराठी है, पापा की आधी है, मेरी अभी चल रही है."

"बघा," वसंतराव म्हणाले, जणू खटलाच जिंकले.

मला राहवलं नाही. "चल रही है म्हणाला ना तो? बंद आहे असं नाही म्हणाला."

शेवटी वसंतराव टेकीला आले. "वहिनी, उत्सवाला माणसं लागतात. अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः येतो. आरतीला माणसांच्या दोन रांगा दिसल्या तर गणपती इथेच. नाही दिसल्या तर पुढच्या वर्षीपासून धारला."

"दोन रांगा," माई म्हणाल्या. "बोललात हं."

०००

बापूंचं सांगायचं राहिलं. त्यांनी मागच्या कार्तिकात आमच्याच घाटावरून परिक्रमा उचलली. परिक्रमेत नर्मदामाई कायम उजव्या हाताला ठेवायची. पायी वर अमरकंटकापर्यंत जायचं, तिथून वळून पलीकडच्या काठानं खाली समुद्रापर्यंत, आणि मग अलीकडच्या काठानं घरी. मध्ये कुठेही नदी ओलांडायची नाही. आणि चातुर्मास लागला की जिथे असाल तिथेच मुक्काम ठोकायचा.

आषाढी एकादशीला बापू कुठे असावेत? आमच्या बरोबर समोर. पलीकडच्या काठावरच्या देवळात. इथून त्यांना स्वतःच्या घराचा दिवा दिसायचा, पण होडीत पाय ठेवला की परिक्रमा मोडणार.

"पायांना फोड आले म्हणे, म्हणून हळू चालले," आमचा होडीवाला केशव सांगत आला.

माई म्हणाल्या, "जन्मात कधी हळू चालले नाहीत ते." पण बोलताना त्यांनी पदरानं तोंड पुसायचं निमित्त केलं.

मी म्हटलं, "माई, तुम्ही तर नाही ना परिक्रमेत? तुम्ही जा की होडीनं भेटायला."

"मुळीच नाही. पायी घरी येतो म्हणून गेलेत. येऊ देत पायी." जरा थांबून त्या पुढे म्हणाल्या, "पन्नास वर्षं समोर बसायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. आता पुन्हा समोरच बसलेत. मला काही फरक पडलेला नाही."

०००

मोबाईल बापू घरीच ठेवून गेले होते. म्हणून माईंनी खूण ठरवली आणि केशवकडून निरोप धाडला: रोज सकाळी दोरीवर एक लाल लुगडं वाळत घालीन, ते दिसलं की घरी सगळं ठीक आहे असं समजावं. बापू तिकडून पांढरा पंचा हलवत. माणूस ओळखू येत नसे, पंचा ओळखू येई.

श्रावणात माझ्याकडे फॉल लावायला साड्यांची रीघ लागली. एक दिवस त्या पावसानं भिजल्या, माझी दोरी पुरेना, म्हणून त्यातल्या लाल साड्या मी माईंच्या त्याच दोरीवर ओळीनं पसरल्या. थोड्या वेळानं केशव वल्ही मारत धापा टाकत आला.

"मौसी, बापू पूछ रहे हैं, घर में किसकी शादी है? और मुझे बताया क्यों नहीं?"

०००

शादी नव्हती, पण बापूंची तक्रार करायची सवय त्या दिवसापासून पुन्हा सुरू झाली. माई कधीमधी केशवबरोबर थालीपिठं पाठवत. डबा धुऊन परत येई आणि बरोबर निरोप येई: मीठ कमी आहे.

"बघ," माई मला म्हणाल्या, "नर्मदा ओलांडत नाहीत, पण खोड बरोबर ओलांडून येते."

मग भाद्रपद तोंडावर आला आणि मला एक गोष्ट खटकायला लागली. डबा मोठा होत चालला. आधी डबा होता, मग पिशवी झाली, मग गोणी. एक दिवस केशवनं गोणी उचलली तशी ती खणखणली. त्यानं ती हलवून पाहिली आणि माईंकडे बघितलं.

"मौसी, आज थालीपीठ बज रहा है."

"मीठ जास्त घातलंय," माई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

०००

चतुर्थीला गणपती बसला. रोजच्या आरतीला आम्ही घरचीच माणसं. माझा सगळा जीव त्या एका संध्याकाळीत अडकला होता. इंदूर, महू, देवास, जिथे जिथे नात्यागोत्याचं माणूस होतं तिथे मी फोन लावले. भाचे, पुतणे, त्यांच्या बायका, सगळे येतो म्हणाले. दोन काय, तीन रांगा झाल्या असत्या.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळला. नाल्यांना पूर आला, रस्ता बंद झाला, आणि सगळे भाचे-पुतणे वाटेतून माघारी फिरले. वसंतराव मात्र भल्या सकाळीच येऊन पोचले होते. नको असलेला माणूस नेमका वेळेवर येतो.

संध्याकाळी पाऊस थांबला. आरतीला उभे राहिलो ते कोण? मी, माझा लेक, सून, नातू, शेजारची दोन घरं, केशव आणि त्याची बायको. ओढूनताणून एक रांग झाली. मला रडू फुटायच्या बेतात होतं. वसंतराव वाईट माणूस नाहीत, त्यांनासुद्धा अवघडल्यासारखं झालं होतं. ते हळूच म्हणाले, "वहिनी, मूर्ती आम्ही नीट सांभाळू."

माईंनी माझ्या लेकाला चौरंग उचलायला सांगितला आणि गणपती घराबाहेर घाटाच्या वरच्या पायरीवर मांडला, तोंड नदीकडे करून.

"अहो, तोंड पाण्याकडे?" वसंतराव म्हणाले. "पुढे माणसं उभी कुठे राहणार?"

माईंनी समया लावल्या. शंख घेतला आणि असा फुंकला की माझ्या नातवानं कानांवर हात ठेवले. मग स्वतःच तबक उचललं. आजवर बापूंच्या मागे उभं राहून म्हणणाऱ्या माईंनी पहिल्यांदा पुढे उभं राहून आरतीला सुरुवात केली. पहिली ओळ झाली आणि त्या थांबल्या. आम्हीही थांबलो.

पाण्यावरून झांजांचा आवाज आला.

पलीकडच्या काठावर एक दिवा लागला. त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा, मग देवळापासून पार वळणापर्यंत दिवेच दिवे. आणि मागोमाग आरतीची तीच ओळ आली, मराठीत, निमाडी हेल काढून, बायका, पोरं, म्हातारे, सगळ्यांच्या गळ्यातून. त्यांच्या पुढे एक जुना, चिरका आवाज होता. तो आम्ही कुठेही ओळखला असता. ते आमच्यापेक्षा अर्धी ओळ मागे होते, कारण आमचा आवाज पाणी ओलांडून जायचा आणि त्यांचा ओलांडून यायचा. मग आम्हीच जरा थांबत थांबत म्हणायला लागलो. केशव नुसता हसत होता, आणि त्या गोणीत काय वाजत होतं ते मला आत्ता कळलं.

आरती संपली. वसंतराव हात जोडून पलीकडे बघत उभे होते. माईंनी तबक त्यांच्यापुढे धरलं.

"दोन रांगा म्हणाला होतात ना, वसंतराव? एक ही. एक ती. मध्ये थोडं पाणी आहे, तेवढं सांभाळून घ्या."