इष्टलिंगावरची लुकलुक

आधीच सांगतो, भूतबाधा, भानामती, अंगात येणं... यातलं मी काहीच मानत नाही. लातूरला माझं हार्डवेअरचं दुकान आहे, काट्यावर ठेवल्याशिवाय पावशेर खिळेसुद्धा मी देत नाही. इष्टलिंगाची पूजा मात्र रोज करतो, आमच्या लिंगायत घरातली ती रीतच. लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याच्या काळ्याभोर अंगावर समईचा उजेड ठिपक्याएवढा दिसतो, त्यावर नजर ठेवायची. बास. साक्षात्कार वगैरे कधी झालेला नाही.

गेल्या श्रावणात एका सोमवारी सकाळी तो ठिपका लुकलुकला. एकदा मोठा, मग दोनदा बारीक, जरा थांबून परत मोठा... आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून, अगदी तसंच. समईकडं पाहिलं, तर ज्योत स्थिर. पंखा बंद.

"डोळे दाखवून या," बायको म्हणाली. "चाळिशी कवाच उलटली तुमची."

दाखवले. डोळ्यांत काही दोष निघाला नाही.

आमची गौरी नांदेडला क्ष-किरण खगोलशास्त्रात पीएचडी करते. ताऱ्यांचे क्ष-किरण हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून दुर्बीण उपग्रहावर असते. एका ताऱ्यावर तिचा सगळा प्रबंध अडकला होता, तो तारा भडकलेला दिसला तरच काम पुढं सरकणार. खूप खटपटीनं दुर्बिणीचा वेळ मिळाला होता, परत मिळायची आशा नव्हती.

पुढच्या महिन्यात ती तोंड पाडून घरी आली. लॅपटॉपवर आलेख, आणि त्यात नुसती सपाट रेघ.

"तारा झोपलेलाच होता, अप्पा. संपलं सगळं."

"मधे ही जागा रिकामी का?"

"त्या वेळी उपग्रहावर अवकाशातल्या कणांचा मारा झाला असावा. खोटे सिग्नल येतात, म्हणून सॉफ्टवेअर तेवढा भाग कापतं."

"वेळ कधीची? आपली का जागतिक?"

"जागतिक."

आलेखाखालच्या वेळेत मी साडेपाच तास मिळवले... तोच सोमवार, माझ्या पूजेचीच वेळ!

बायको भाकरी थापत होती. मी परातीतल्या पिठात बोटानं रेघ काढली — एक उंच शेंडा, दोन बुटके, थोडी सपाट जागा, परत उंच.

"पीठ हाय का पाटी हाय ती?" बायको खेकसली.

"गौरी, कापलेलं उघड."

"अप्पा, नुसता कचरा हाय त्यात—"

"उघड म्हणतो ना!"

तिनं उघडलं. पडद्यावर एक उंच शेंडा, दोन बुटके, सपाट जागा, परत उंच. तिनं परातीकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मग कण मोजणाऱ्या यंत्राची नोंद काढली, तर त्या वेळी मारा नव्हताच! कापायची मर्यादा तिनंच फार कडक ठेवली होती. उपग्रहावरच्या दुसऱ्या दुर्बिणीतही तेच शेंडे निघाले.

"आई, तारा जागा झालाता गं!" तिनं आईला पिठाच्या हातांसकट मिठी मारली. मला तर उभं राहवेना, बसवेना.

फोनवर तिचे सर आनंदानं ओरडतच होते. मग एकदम म्हणाले, "पण टाकून दिलेला भाग परत का उघडलास?"

गौरीनं माझ्याकडं पाहिलं. "घरात शंका निघाली, सर."

क्ष-किरण वातावरणातच अडतात, हे तिनंच मला शिकवलं. मग माझ्या देवघरात दिसलं ते काय? मी सगळे आकडे परत तपासले. सगळे जुळतात, आणि तीच अडचण आहे.

आता ती प्रबंधातलं ते प्रकरण लिहितेय. कापलेला भाग पुन्हा का तपासला, त्याचं कारण द्यावं लागतं म्हणे. परवा फोनवर म्हणाली, "अप्पा, तुम्हीच सांगा, काय लिहू?"